आत्याबाईंची कुरकुर

कानाच्या डॉक्टरांकडे सव्वीस वर्षांची एक फोर-बाय-फोर गाडी होती. पहिला मालक खाणीवरचा ठेकेदार, दुसरा गुरांचा डॉक्टर आणि तिसरे हे. दर गुरुवारी त्यांना डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात कान तपासायला जावं लागायचं आणि वरचा शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता कच्चा होता, एवढं निमित्त त्यांना पुरलं. त्याच रस्त्याने केंद्रातली नर्स रोज स्कूटरवरून ये-जा करायची, पण हा विषय घरात कोणी काढत नसे.

बायकोने गाडीचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. नवऱ्याच्या बाजूची, वयाने थोर, अंगाने भरलेली, पोर्चमध्ये ठाण मांडून बसलेली. तिचं दुखलंखुपलं सगळ्यांनी बघायचं आणि तिच्याविषयी एक शब्द वावगा काढायची सोय नाही. डॉक्टरांना हे नाव आवडत नसे. पण ते इतकं चपखल होतं की दोन महिन्यांत तेच एकदा पाहुण्यांसमोर म्हणून गेले, की आत्याबाईंना आज डिझेल पाजायला हवं.

गाडी धुवायला डॉक्टरांचा विरोध असे. चाकांना आणि दारांच्या खालच्या बाजूला लागलेला डोंगरावरचा चिखल हा त्यांच्या मते गाडीचा दागिना होता. गुरुवारी डोंगरावरून परतल्यावर इस्पितळाच्या आवारात बाकीच्या डॉक्टरांच्या चकाचक गाड्यांशेजारी ते आत्याबाईंना मुद्दाम असं उभं करत, की येणाऱ्याजाणाऱ्याला चिखल आधी दिसावा आणि मग गाडी.

तर एका गुरुवारी, घाट सुरू व्हायच्या आधी, आत्याबाई कुरकुरल्या.

आवाज पुढून आला. खर्रर्र, मग बारीकसं टक्, पुन्हा खर्रर्र. गाडी तीसच्या वर गेली की सुरू, वेग वाढला की आवाज चढा, गाडी थांबली की चिडीचूप. डॉक्टरांनी काच खाली केली, वर केली, पंखा बंद केला. शेवटी रस्त्याच्या कडेला थांबून बॉनेट उघडलं. आत जे जे दिसलं ते सगळं तिथेच असायला हवं की नको, हे ठाऊक नसल्यामुळे थोडा वेळ गंभीर चेहऱ्याने बघून त्यांनी ते पुन्हा लावून टाकलं.

गाडीतलं त्यांना फारसं कळत नव्हतं, हे ते स्वतःशी तरी कबूल करत. पण आवाजातलं आपल्याला कळतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तीस वर्षं लोकांच्या कानांत डोकावण्यात गेली होती. रोज साठ-सत्तर पेशंट. त्यातले निम्मे तरी कानात आवाज येतो म्हणून येणारे. कोणाला शिट्टी ऐकू यायची, कोणाला रातकिडे, एका बाईंना तर शिवणयंत्र ऐकू यायचं. वर्णन रंगायला लागलं की डॉक्टर हात वर करत आणि म्हणत, "वयोमानाने होतं असं. लक्ष देऊ नका. सवय होईल." पेशंट आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत दीड मिनिट. बाहेरच्या बाकावर त्यांचं कौतुक होतं ते यासाठीच, की हे डॉक्टर ताटकळत ठेवत नाहीत.

पुढच्या शनिवारी डॉक्टर नेहमीच्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मेकॅनिकला त्यांनी आवाज तोंडाने काढून दाखवला. मेकॅनिकने मान डोलावली, गाडीत बसून गल्लीतून एक चक्कर मारली आणि आवाज येत नाही असं सांगितलं. गल्ली इतकी अरुंद होती की तिथे गाडी विसाच्या वर जाणं शक्यच नव्हतं, हे घरी पोहोचल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं. तोपर्यंत पुढचे दोन्ही शॉकअप बदलून झाले होते. आवाज नव्हता येत, तरी शॉकअप मात्र गेलेलेच होते, असं मेकॅनिकचं म्हणणं पडलं. आता गाडी खड्ड्यातून हलकेच डुलत जाऊ लागली आणि डुलता डुलता खर्रर्र, टक् करू लागली.

हमरस्त्यावरच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजिनाखालची रबरं बदलली. हा मेकॅनिक बोलायला फार गोड होता. कुठलाही आवाज ऐकला की तो मागच्या कपाटाकडे बघायचा आणि कपाटात जे असेल तेच गाडीत बिघडलेलं निघायचं.

मग डॉक्टर मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे थंडगार हवा होती, बसायला सोफा होता आणि काउंटरवर एक हसतमुख मुलगी होती. तिने स्क्रीनकडे बघत आवाज कोणत्या प्रकारचा आहे ते विचारलं. डॉक्टर तोंड उघडून खर्रर्र करणार, तोच तिने त्यांना थांबवलं आणि चार पर्याय वाचून दाखवले: घरघर, खडखड, कुईकुई, इतर. डॉक्टर म्हणाले, सुरुवात घरघरीने होते पण मध्येच एक टक् येतो. तिने "इतर" वर टिचकी मारली. टक् लिहायला रकाना नव्हता.

दोन तासांनी कोट घातलेला एक तरुण बाहेर आला आणि त्याने अत्यंत आदराने निकाल सांगितला. गाडीला कॉम्प्युटर लावला की बिघाड आपोआप स्क्रीनवर येतो. या गाडीला कॉम्प्युटर लावायला जागाच नाही. त्यामुळे स्क्रीनवर काहीही आलेलं नाही. तेव्हा आमच्या बाजूने गाडी निर्दोष आहे.

"पण आवाज येतोय," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला येत असेल, सर," तरुण म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट सहानुभूतीच होती, आणि तीच डॉक्टरांना जास्त लागली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला गाडीत बसवून हमरस्त्यावर नेलं. साठच्या वेगाला आवाज अगदी स्पष्ट येत होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं की तिला काही ऐकू येत नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळेला नाही.

रविवारी मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ विमा कंपनीत कामाला होता आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून जगातल्या बहुतेक विषयांत पारंगत झाला होता. त्याने चक्कर मारली, टायरला एक लाथ घातली, आणि डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊजी, गाडीचं वय झालं. आता असे आवाज यायचेच. लक्ष देऊ नका, सवय होईल."

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाचं म्हणणं पुरतं ऐकून न घेता असं तोंडावर बोलणं म्हणजे काय, असं ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बायकोला ऐकवत राहिले. हेच शब्द आपण आधी कुठेतरी ऐकलेत असं त्यांना सारखं वाटत होतं. कुठे, ते मात्र आठवेना.

पण संशयाचा किडा मनात शिरला होता. शॉकअपवाल्याला ऐकू येत नाही, कॉम्प्युटरला येत नाही, बायकोला येत नाही. मेहुण्याला आला की नाही, ते त्याने सांगितलंच नव्हतं. मग आवाज आहे तरी कुठे? सोमवारी दुपारी, पेशंट संपल्यावर, डॉक्टर त्यांच्याच विभागातल्या श्रवण तपासणीच्या काचेच्या खोलीत जाऊन बसले.

ही तपासणी करणाऱ्या बाई वीस वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या. त्यांनी काहीही न विचारता डॉक्टरांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि दार लावून घेतलं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखं भराभर बटण दाबायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी बाईंनी दार उघडलं. हातात आलेख होता.

"सर, चौदा वेळा तुम्ही दाबलंत तेव्हा मी काही वाजवलं नव्हतं."

डॉक्टरांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"आणि बारीक सुरांना थोडी घट आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून पुढे जोडलं, "वयोमानाने होतं असं."

त्या आठवड्यात डॉक्टर गाडीविषयी बोलायचे थांबले. गुरुवारी घाटात आवाज सुरू झाला की ते स्वतःच मोठ्याने काहीतरी गुणगुणायला लागत. नर्सने त्यांना गाडीतून उतरताना गुणगुणताना बघितलं आणि सर आज खुशीत आहेत असं सगळ्या केंद्रात पसरवलं.

पुढच्या मंगळवारी दवाखान्यात टिचकी आला. सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा पूर्वी नामांकित मेकॅनिक होता. कुठल्याही वस्तूला टिचकी मारून तिच्या आत काय आहे ते सांगायची त्याची सवय. म्हणून गावभर तो टिचकीच. ऐकू येईनासं झालं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने गॅरेज बंद केलं होतं. डॉक्टरांकडे त्याची ही तिसरी खेप. तक्रार तीच: ऐकू येत नाही आणि डाव्या कानात लेथ मशीन चालल्यासारखा आवाज येतो. डॉक्टरांनी त्याच्या कागदावर मागच्याच दोन ओळी तिसऱ्यांदा लिहायला घेतल्या. तेवढ्यात टिचकीने सवयीने टेबलाशेजारच्या स्टीलच्या स्टँडला टिचकी मारली, बोटं दोन क्षण तशीच त्यावर ठेवली आणि म्हणाला, "याचा मागचा पाय ढिला आहे."

डॉक्टरांनी वाकून बघितलं. मागच्या पायाचा स्क्रू अर्धा बाहेर आला होता.

पेन खाली ठेवून त्यांनी दार लोटलं आणि आवाज शक्य तितका चढवून टिचकीला गाडीबद्दल सांगितलं. टिचकी म्हणाला, मला आता ऐकू येत नाही, तुम्हीच तसं लिहून दिलंय. डॉक्टर म्हणाले, तरी पण बघा. त्या "बघा" मध्ये अशी काही अजिजी होती की बाहेरच्या बाकावरच्या पेशंटना वाटलं, आतमध्ये पेशंट कोण आहे कोण जाणे.

रविवारी सकाळी टिचकीने दोन वर्षांनी शटर वर केलं. आत धुळीचा थर, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, कोपऱ्यात जॅक. डॉक्टर घाईने गाडी आत घ्यायला लागले तर त्याने हातानेच थांबवलं आणि एक पालथा क्रेट त्यांच्याकडे सरकवला. दुसऱ्यावर तो स्वतः बसला.

"काय होतंय?"

"मला वाटतं पुढच्या बेअरिंगमध्ये बहुधा..."

"काय होतंय ते सांगा," टिचकी म्हणाला. "काय झालंय ते नंतर बघू."

डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली. टिचकीला निम्मं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली, आणि खर्रर्र, टक् तर भर रस्त्यात ओरडून चार वेळा. शाळेच्या मैदानाकडे निघालेल्या दोन मुलींनी थांबून इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना गाडीचा आवाज काढताना बघितलं. टिचकीची मात्र तंद्री लागली होती. चढावर जास्त की उतारावर? पाय काढला की बदलतो? ब्रेक मारल्यावर? उजवीकडे वळताना काय होतं? पहिल्यांदा कधी ऐकला? त्याच्या आदल्या दिवशी होता का?

"आदल्या दिवशी गाडी चालवलीच नाही. गुरुवार ते गुरुवार चालवतो."

"म्हणजे एका गुरुवारी नव्हता आणि दुसऱ्या गुरुवारी आला."

"हो."

"मधले सहा दिवस गाडी उभी. उभ्या गाडीला कोणी हात लावला?"

कोणीही नाही, असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं.

वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं होतं. गाडीला अजून कोणी बोटही लावलं नव्हतं, पण डॉक्टरांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हलकं वाटत होतं. छातीवरचा दगड उतरावा तसं. आपल्याला आवाज येतो हे समोरच्याने गृहीत धरलं, एवढ्यानेच हे झालं, असं नंतर त्यांच्या लक्षात आलं.

मग टिचकी उठला. भिंतीवरून हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला. डावीकडचं पुढचं चाक जॅकने वर घेतलं आणि डॉक्टरांना ते हाताने जोरात फिरवायला सांगितलं. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. चाक फिरायला लागताच टिचकीने स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकामागच्या लोखंडी नळीवर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली.

डॉक्टर चाक फिरवायचे थांबले.

"फिरवा, फिरवा," टिचकी दातांतूनच म्हणाला. नंतर मूठ काढून त्याने समजावलं, "कान गेले तर काय, दात आहेत ना. दातांनी छान ऐकू येतं."

डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात याच कामासाठी ट्यूनिंग फोर्कचा एक चिमटा असतो. तो वाजवून आधी कानापाशी धरायचा आणि मग कानामागच्या हाडावर. हाडातून छान ऐकू आलं आणि हवेतून नाही, तर नस शाबूत आहे, वाटेत कुठेतरी अडथळा आहे. विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात शिकवतात. टिचकीच्या कागदावर मात्र "नस कमजोर" असं त्यांच्याच अक्षरात दोनदा लिहिलेलं होतं आणि खणातला चिमटा बाहेर काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. डॉक्टर चाक जरा जास्तच जोरात फिरवू लागले.

डावं चाक गुळगुळीत फिरलं. उजवं वर घेतलं, आणि पहिल्याच फेरीला टिचकीच्या भुवया वर गेल्या. त्याने मूठ डॉक्टरांच्या पुढे धरली. डॉक्टरांनी रुमालाने ती पुसली, दातांत धरली आणि टिचकीने चाक फिरवलं. खर्रर्र, टक्. थेट कवटीत. इतका सुंदर आवाज आपण उभ्या जन्मात ऐकला नाही असं डॉक्टरांना वाटलं.

टिचकीने चाकाच्या मधोमध साचलेला वाळका चिखल अंगठ्याने खरवडला. तो ढेकळासारखा गळून पडला आणि खाली वाटीएवढी गोल चकती दिसली. चकतीवरचा बाण एका अक्षराकडे होता. मग तो पलीकडे गेला आणि डाव्या चाकावरचा चिखलही काढला. तिथला बाण दुसऱ्या अक्षराकडे होता.

प्रकरण एवढंच होतं. पुढच्या दोन्ही चाकांना अशी चकती असते. ती फिरवली की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं. चिखलात अडकलात तर दोन्ही जोडायच्या, एरवी दोन्ही मोकळ्या ठेवायच्या. इथे उजवी जोडलेली होती आणि डावी मोकळी.

"एकाच्या मानेवर जू आणि दुसरा मोकाट," टिचकी म्हणाला. "गाडा कुरकुरणारच." त्याने तळहात चकतीवर दाबून अर्धा वळसा दिला. एकदा खट् झालं. झालं काम.

कोणी फिरवली, हे त्याने दुसऱ्यांदा विचारलं. आणि आता डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तो रविवार उभा राहिला. कॉलेजातला जुना मित्र नवी गाडी दाखवायला आला होता. त्याच्या गाडीत हे सगळं एका बटणावर होतं. डॉक्टरांनी त्याला हाताला धरून आत्याबाईंपाशी नेलं होतं. बटण काय कोणीही दाबेल, खऱ्या गाडीत माणसाला खाली उतरून चिखलात हात घालावा लागतो, असं ऐकवत गुडघ्यावर बसून उजवी चकती ऐटीत फिरवून दाखवली होती. डावीकडे वळून बघतात तर मित्र चहाला आत निघून गेला होता. मग डॉक्टरही हात झटकून आत गेले होते. गाडी घेतल्यापासून पाच वर्षांत त्या चकत्यांना हात लावायची वेळ तेवढी एकदाच आली होती.

"असेल कोणीतरी," डॉक्टर म्हणाले.

टिचकीने त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि जॅक खाली सोडला.

दुपारी जेवताना डॉक्टरांनी जाहीर केलं की दोष सापडला. कोणीतरी पुढच्या चाकाची चकती फिरवून ठेवल्याने डिफरन्शियलवर असमान भार पडत होता, फार गुंतागुंतीचं प्रकरण होतं, शंभरात एखाद्या गाडीला होतं. बायकोने पोळी वाढली. संध्याकाळी ते तिला हमरस्त्यावर घेऊन गेले. साठ, सत्तर, ऐंशी. आत्याबाई शांत. फक्त टायरांची एकसुरी गुणगुण.

"हं," बायको म्हणाली, "आता बरं वाटतं. तो टक् आवाज फार वाईट होता."

डॉक्टरांनी गाडी कडेला घेऊन थांबवली.

तिने सरळ सांगून टाकलं. तिला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. चांगलं खणखणीत येत होतं. पण हो म्हटलं असतं तर जेवताना आवाज, चहाला आवाज, तिच्या माहेरच्या माणसांसमोर आवाज. नाही म्हटलं तर गोष्ट दोन दिवसांत मिटेल असा तिचा हिशेब होता. ती गोष्ट इतकी लांबेल, तपासणीच्या खोलीपर्यंत जाईल, हे तिला वाटलं नव्हतं. मग मागे फिरायची लाज वाटली.

"मी वेडा झालोय असं वाटायला लागलं होतं मला," डॉक्टर म्हणाले.

"ते मला दिसत होतं," ती म्हणाली. "चुकलंच माझं." आणि थोड्या वेळाने, "चकती तूच फिरवली होतीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते."

डॉक्टरांना रागवायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना. जो धागा ओढावा तो त्यांच्याच गळ्याशी येत होता. शेवटी ते हसायला लागले, मग तीही हसली, आणि दोघं बराच वेळ रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टिचकीला रांगेच्या आधी आत बोलावलं आणि खणातला चिमटा काढला. हाडावर धरला: छान ऐकू येतं. कानापाशी धरला: काही नाही. मग दिवा लावून ते कानात शिरले, या वेळी घाई न करता. दोन्ही कानांत, अगदी खोल, मळाखाली दबलेला कापसाचा घट्ट बोळा होता. लेथवर काम करताना टिचकी कानात कापूस घालायचा. त्यातला एकेक तुकडा आतच राहिला होता आणि वर्षानुवर्षांच्या मळाने त्याचा दगड झाला होता. अर्धा तास खटपट करून डॉक्टरांनी दोन्ही बाहेर काढले आणि ताटलीत ठेवले. टिचकीने एकाला टिचकी मारली.

"मागच्या वेळी दिसले नव्हते?" त्याने विचारलं, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला.

"मागच्या वेळी बघितलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

टिचकीने मान हलवली. गर्दीत होतं असं, एवढंच म्हणाला. डाव्या कानातलं लेथ मशीन मात्र बंद झालं नाही. ते कुठून येतं हे डॉक्टरांना सांगता येईना, आणि तसं त्यांनी कबूल केलं. तरी टिचकी ते कसं वाजतं, कधी चढतं, कधी मंद होतं ते सांगत राहिला आणि डॉक्टर ऐकत राहिले. बाहेर बाकावर कुजबुज सुरू झाली. अकरा वाजेपर्यंत रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि पहिल्यांदाच लोक म्हणत होते की या डॉक्टरांचा हात आता पूर्वीसारखा चालत नाही.

आठ दिवसांनी टिचकी पुन्हा आला. चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी क्रेटवर बसल्यासारखं पुढे झुकून विचारलं, काय होतंय?

"सगळं ऐकू येतंय," टिचकी म्हणाला.

घरात दोन वर्षं मुलगा आणि सून त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलत आले होते. त्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर आवाज खाली करायची गरज कोणाला वाटत नव्हती, आणि ती सवय अजून मोडली नव्हती. त्याचं खाणं, त्याचं खोकणं, आंघोळीला लागणारा वेळ, त्याची खोली रिकामी झाली तर तिथे काय काय मावेल, सगळं. ऐकू यायला लागलंय हे त्याने घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं कसं तेच कळत नव्हतं. आता सांगितलं तर ती दोघं बिचारी शरमेने मरतील, आणि नाही सांगितलं तर रोज ऐकावं लागेल.

"ते बोळे परत घालता येतात का?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी येत नाहीत असं सांगितलं.

नंतर डॉक्टरांनी त्याचा कागद ओढला. जुन्या ओळींखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: कानांची जपणूक आवश्यक. रोज किमान सहा तास घराबाहेर, शक्यतो गॅरेजमध्ये, इंजिनांच्या सान्निध्यात काढावेत. घरच्यांनी पेशंटसमोर बोलताना काळजी घ्यावी, ऐकू येण्याचा संभव आहे. खाली सही केली, शिक्का मारला.

टिचकीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "संभव आहे" वर बोट ठेवून म्हणाला, हे बरं लिहिलंत. कागदाची नीट घडी करून खिशात घातली आणि उठताना विचारलं की उद्या शटर उघडायचं तर हल्ली पाना कितीला मिळतो, माझे दोन गंजलेत.